डावी बाजू

"डावी बाजू उजेडाकडं येऊ द्या," कारंडे सर म्हणाले.

स्टेजच्या मध्यभागी एक चौथरा, त्यावर खुर्ची आणि खुर्चीत मी. डाव्या हाताला उंच स्टँडवर हॅलोजनचा दिवा लावलेला होता. मी मान न वळवता विचारलं, "मी उजवीकडून बसले तर चालेल का?"

"का बरं?"

"फोटोत माझी उजवी बाजू चांगली येते."

पुढच्या रांगांत हशा पिकला. माझे होणारे सासरे, आप्पासाहेब चौगुले, माईकजवळच उभे होते. "बघा," ते माईकमधून म्हणाले, "आमच्या सूनबाईंनी आधीच सगळं ठरवून आणलंय."

कारंडे सर हसले नाहीत. तोंडातली लवंग त्यांनी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "हा फोटो नाही ताई. दिवा पलीकडं नेला तर लोकांच्या डोळ्यांत जाईल. वळा जरा. आणखी. हां, आता हलू नका."

दिव्याची धग माझ्या डाव्या कानाखाली, जबड्यावर आणि ओठाच्या कोपऱ्यावर येऊन बसली.

नेमक्या तेवढ्याच जागेत मला कोड होतं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी कानाच्या पाळीखाली नखाएवढा डाग उठला आणि बघता बघता जबड्याच्या कडेकडेनं ओठापर्यंत आला. त्या दिवशी सांगलीतलं ते सभागृह गच्च भरलं होतं, पण ही गोष्ट माझ्याखेरीज तिथं एकाच बाईला माहीत होती. ती तिसऱ्या रांगेत मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी आवळून बसली होती. माझी सुनंदाआत्ती, वडिलांची थोरली बहीण. आईवडील आणि धाकटी बहीण शिरोळकडं गावी असायचे; मी आत्तीकडं राहून मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. रोज सकाळी आत्ती त्या डागावर पॅनकेक लावून द्यायची. नाटकवाल्यांकडून आणलेला मेकअपचा पॅनकेक, दोन छटा तळहातावर कालवून माझ्या रंगाला मिळत्या केलेल्या. शाळेत कुणाला कधी शंका आली नाही. चौगुल्यांनाही आली नाही.

चौगुल्यांचं स्थळ आत्तीनंच आणलं होतं. हळदीचा मोठा व्यापार, माणसं बोलायला चांगली. मुलगा भरतेश साखर कारखान्यात केमिस्ट. साखरपुडा झाला होता, दिवाळीनंतर लग्न होतं. आप्पासाहेब एका कलामंडळाचे अध्यक्ष होते. मंडळ दरवर्षी कोल्हापूरहून एखादा चित्रकार बोलवायचं आणि प्रात्यक्षिक ठेवायचं. म्हणजे लोकांसमोर एक माणूस मॉडेल म्हणून बसवायचा आणि दुपारपर्यंत त्याचं तैलचित्र पुरं करायचं. त्या रविवारी जतकडचा एक म्हातारा धनगर बसणार होता. तो आलाच नाही. कारंडे सर घड्याळ बघायला लागले तसे आप्पासाहेब उठले आणि पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्याकडं हात करून म्हणाले, "मॉडेल घरचंच आहे की. आमच्या होणाऱ्या सूनबाई बसतील. आणि चित्र आमच्या दिवाणखान्यात लागेल."

टाळ्या पडल्या. शेजारी बसलेल्या होणाऱ्या सासूबाईंनी, रत्नप्रभाकाकूंनी, माझा पदर सारखा केला. मी मागं वळून आत्तीकडं बघितलं. तिनं मान हलवली, पण ती जा म्हणत होती की जाऊ नको, ते मला कळलं नाही.

कॅनव्हास लोकांना दिसावा म्हणून तिरका ठेवलेला होता. मला त्याची फक्त मागची लाकडी चौकट दिसत होती. शिवाय कारंडे सरांचा उजवा हात दिसायचा, स्टुलावर ठेवलेली रंगांची पाटी दिसायची आणि समोर माणसं दिसायची. माझा चेहरा कसा उतरतोय हे मला त्या माणसांच्या चेहऱ्यांवरून वाचावं लागत होतं. सुरुवातीला ते सोपं होतं. रत्नप्रभाकाकू कॅनव्हासकडं बघायच्या, मग माझ्याकडं बघायच्या आणि मान डोलवायच्या. भरतेश बाजूच्या खांबाला टेकून उभा होता. आमची नजरानजर झाली की तो उगाच चष्मा पुसायचा. बाजूला गप्पा चालल्या होत्या, मागं कुणीतरी लहान मुलाला दटावत होतं.

कारंडे सरांचे दोन आवाज होते. एक माईककडं तोंड करून लोकांसाठी, आणि एक माझ्यासाठी, अगदी खालच्या पट्टीत. लोकांना ते सांगत होते, "नाक-डोळे जागेवर बसवणं अवघड नसतं. सवयीनं कुणालाही जमतं. पण नाक-डोळे बरोबर आले म्हणजे माणूस आला असं नाही. या गालाचा रंग आणि त्या गालाचा रंग, यांचं आपसात जमलं पाहिजे. कपाळावरचा ब्रश आडवा फिरला तर माणूस शांत दिसतो, तोच तुटक मारला तर काळजीत दिसतो. ब्रश कसा फिरवायचा हे मी ठरवत नाही. समोरचा माणूस ठरवतो."

बोलता बोलता ते थांबले. डोळे बारीक करून माझ्या जबड्याकडं बघत राहिले. पाटीवर रंग कालवला, लावला. मागं सरकून बघितलं. मग सुरीनं तो खरवडून काढला. पुन्हा कालवला, पुन्हा लावला, पुन्हा खरवडला. कॅनव्हासवर सुरी घासल्याचा खर्रकन आवाज यायचा आणि तो माझ्या दातांत जायचा.

पहिल्या रांगेतली माणसं पुढं झुकली.

माझा पदर नीट करायच्या निमित्तानं सर चौथऱ्याजवळ आले. "पावडर लावलीय?" त्यांनी हळूच विचारलं.

"थोडी."

"थोडी नाही ही. उजव्या गालाला रक्त दिसतंय, थोडा उजेड पोचतोय तरी गाल पेटतोय. इकडं भिंत लिंपल्यागत दिसतंय." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्यात चीड होती. "भाजलंय का?"

"नाही."

"मग?"

हलू नका म्हटलं होतं, ते बरंच झालं.

"हे बघा ताई, मला त्याच्याशी काही करायचं नाही. पण चित्रातला चेहरा धरत नाही. इथवर तुम्ही आहात आणि इथून पुढं कुणीच नाही. एवढी माणसं बघतायत."

ते परत गेले. आता मला घाम फुटला होता. एक थेंब कपाळाच्या कडेनं निघाला आणि कानापुढून सावकाश खाली उतरायला लागला. पॅनकेकवरून घाम गेला की मागं रेघ राहते, हे मला ठाऊक होतं. मी आत्तीकडं बघितलं. तिनं पर्सवरचा एक हात काढून स्वतःच्या गालाला लावला होता. तिलाही रेघ दिसली असावी, कारण दुसऱ्याच क्षणी ती उभी राहिली.

"सर, जरा सुट्टी द्या की," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पोर उकडून निघालीय."

लोक हसले. आप्पासाहेबांनी चहा सांगितला.

खुर्चीतून उतरले तेव्हा मी पहिल्यांदा चित्र बघितलं. जवळून ते नुसते रंगाचे फटकारे होते. उजव्या गालावर विटकरी, मातकट पिवळा आणि त्यावर एकच रुंद, चकचकीत तपकिरी. दोन पावलं मागं गेल्यावर त्या फटकाऱ्यांतून मी बाहेर आले. डोळ्यांत भीती होती, पण ते डोळे माझे होते. सावळा रंग माझा होता, वडिलांकडून आलेला. आणि डाव्या जबड्यावर काहीच नव्हतं. रंग खरवडून खरवडून खालचा कोरा कॅनव्हास उघडा पडला होता. कारंडे सरांनी जिथपर्यंत खरी कातडी दिसली तिथपर्यंतच रंग नेला होता, आणि पॅनकेक सुरू झाला तिथं हात थांबवला होता. त्यामुळं त्यांच्या नकळत त्या डागाची हद्दच आखली गेली होती. कानाखालचं टोक, मधली खाच, ओठापाशी फुटलेला फाटा, सगळं. तो नकाशा मला पाठ होता.

मी आजूबाजूला बघितलं. चहाचे कप घेऊन माणसं चित्राभोवती उभी होती आणि कुणालाच काही दिसत नव्हतं.

"एवढंच राहिलं वाटतं आता?" आप्पासाहेबांनी त्या कोऱ्या जागेकडं बोट केलं.

"राहिलंय," कारंडे सर म्हणाले.

"रंग जरा उजळ घ्या हं सर," रत्नप्रभाकाकू म्हणाल्या. "पोरगी एवढी सावळी नाही."

"सावळीच आहे की आई," भरतेश म्हणाला. "आणि डोळे बघ, शंभर टक्के त्याच आहेत." मग माझ्याकडं वळून त्यानं विचारलं, "तुम्ही एवढ्या घाबरल्यासारख्या का बसलाय? चांगलं होतंय चित्र."

मी काहीतरी बोलून तिथून निघाले. आत्तीनं मला मेकअपच्या खोलीत नेलं आणि दाराला कडी घातली. तिच्या पर्समध्ये पॅनकेकची डबी होतीच. तिनं घाम टिपला आणि ओला स्पंज माझ्या जबड्यावर दाबला. एरवी तिचा हात हलका असायचा. त्या दिवशी दुखलं.

"त्यांना कळलंय," मी म्हटलं.

"कुणाला?"

"कारंडे सरांना."

"तू सांगितलंस?"

"नाही. त्यांना तिथला रंग सापडत नाहीये."

"मग सापडू नये." ती स्पंज फिरवत राहिली. "आता थोडा वेळ कळ काढ. चित्र झालं की झालं. लग्न होऊ दे. मग वर्षभरानं म्हणायचं, आत्ता उठलंय. कितीतरी बायकांना लग्नानंतर उठतं. कोण बघायला येणार आहे?"

हे आमचं आधीच ठरलेलं होतं. आईवडिलांनाही ते मान्य होतं. माझं एकटीचं नव्हतं ना. धाकटीचं लग्न व्हायचं होतं, आणि कोडाच्या घरातली मुलगी म्हटल्यावर तिच्यासाठीही आमच्या पायरीला कुणी पाय लावला नसता. मला हे सगळं पटलेलं होतं. मी खोटं बोलत असेन, पण कुणी ते माझ्याकडून जबरदस्तीनं वदवून घेत नव्हतं.

बाहेर विंगेत कारंडे सर एकटेच उभे होते. आत्ती सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"सर, तेवढा भाग भरून टाका. फार बघत बसू नका."

"भरतो की. मला काय अवघड आहे?"

"मग भरा."

"त्यांनी सांगितलं की भरतो," सरांनी माझ्याकडं बघितलं. "उजव्या गालाचा रंग उचलतो आणि इकडं लावतो. उजेडाच्या हिशेबानं थोडा उजळ करीन. बघणाऱ्याला काही कळणार नाही. चित्र बिघडेल, पण ते माझं मी बघून घेईन. बोला."

आत्तीनं माझा दंड धरला होता.

"भरा," मी म्हटलं.

पुन्हा खुर्चीत बसले. दिवा लागला. लोक आपापल्या जागी आले. भरतेश आता आईच्या शेजारी, माझ्या रिकाम्या खुर्चीवर बसला होता, हात गुडघ्यांत धरून, सिनेमाचा शेवट बघायला बसल्यासारखा. कारंडे सरांनी पाटीवर तपकिरी कालवला. माईककडं तोंड करून ते काहीच बोलले नाहीत. ब्रश उचलला आणि लावायला सुरुवात केली.

मी लोकांचे चेहरे वाचत होते. पहिला फटकारा पडला तशी रत्नप्रभाकाकूंची मान डोलली. दुसरा पडला. आप्पासाहेब शेजारच्या गृहस्थांच्या कानात काहीतरी बोलले आणि दोघंही समाधानानं मागं टेकले. मघापर्यंत लोक चित्राकडं बघायचे, मग ताडून बघायला माझ्याकडं बघायचे. आता तसं होत नव्हतं. सगळ्या नजरा चित्रावर जाऊन तिथंच थांबत होत्या. माझ्याकडं परत कुणी येत नव्हतं. भरतेशसुद्धा नाही.

मला एकदम तो दिवाणखाना दिसला. साखरपुड्याला मी तिथं गेले होते, तेव्हा समोरची भिंत मोकळी होती. हे चित्र त्या भिंतीवर लागणार होतं. जिन्यावरून उतरलं की पहिल्यांदा तेच दिसणार. रोज सकाळी मला त्याच्यासारखं होऊन खाली यावं लागणार, आणि पुढं कधीतरी उठलंय असं सांगितल्यावर घरातलं प्रत्येक माणूस आधी त्याच्याकडं बघणार आणि मग माझ्याकडं. लग्न करून आली ती ही, म्हणतील. आणि ही कोण?

सरांनी तिसऱ्यांदा ब्रश रंगात बुडवला.

"सर, थांबा," मी म्हटलं.

ब्रश हवेत थांबला.

"काय झालं?" आप्पासाहेबांनी जागेवरूनच विचारलं.

"पाणी पाहिजे."

कुणीतरी पेला आणून दिला. कमरेला रुमाल खोचलेला होता, तो मी काढला आणि पेल्यात बुडवला. पाणी साडीवर सांडलं. रुमाल मी कानाखाली लावला आणि ओठापर्यंत ओढला. रुमालावर तपकिरी चिखल आला. घडी बदलून पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा पुसलं तेव्हा रुमालावर फारसं काही येत नव्हतं.

सभागृहात पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

मला आता लोकांचे चेहरे बघायचे नव्हते, पण नजर दुसरीकडं नेणार कुठं? रत्नप्रभाकाकूंनी तोंडावर पदर धरला. आप्पासाहेब हललेच नाहीत. ते चित्राकडं बघत राहिले, जणू माझ्याकडं बघितलं तर ते खरं होईल. भरतेशनं चष्मा काढला होता. तो पुसत मात्र नव्हता, नुसता हातात धरून होता. मागच्या रांगांत कुजबुज सुरू झाली आणि पुढं सरकत आली. मग तिसऱ्या रांगेत आत्ती उठली. माणसांच्या गुडघ्यांतून वाट काढत, पर्स छातीशी धरून, ती बाहेरच्या दाराकडं गेली. तिनं वळून बघितलं नाही.

"हनुवटी मघाशी होती तिथं आणा," कारंडे सर म्हणाले.

त्यांनी सुरी घेतली आणि भरलेला तपकिरी खरवडून काढला. मग बराच वेळ ते नुसते बघत राहिले. त्या डागाकडं तसं कुणी कधी बघितलेलं मला आठवत नव्हतं. डॉक्टर बॅटरी मारून बघायचे, आई बघून नजर वळवायची. हे रस्त्याकडं किंवा झाडाकडं बघावं तसं बघत होते. आता हे पांढऱ्या रंगाला हात घालणार, असं मला वाटलं. पाटीच्या टोकाला पांढऱ्याचा मोठा ढीग होता. पण त्यांचा ब्रश लाल रंगाकडं गेला, त्याला नुसतं शिवला, मग पिवळसर मातीच्या रंगात फिरला. ते स्वतःशीच पुटपुटत होते आणि ब्रश झपाझप चालत होता. "इथं गुलाबी... कानाकडं जास्तच. खालून साडीचा हिरवा चढलाय. काठाला निळसर घ्यावा लागेल. ओठाजवळ पुन्हा गरम." मागं सरकायचे, पुढं यायचे. आपण माईकजवळ उभे आहोत हे ते विसरून गेले होते. त्यामुळं पुढचं वाक्य सगळ्या सभागृहानं ऐकलं.

"पांढरा नाहीच कुठं इथं."

मी हलायचं नाही म्हणून हलले नाही. पण डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी येऊ दिलं. थांबा म्हणाले नाहीत, पुसा म्हणाले नाहीत.

चित्र संपलं तेव्हा मागं बसलेल्या कला महाविद्यालयाच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुढून साथ मिळाली नाही म्हणून त्या थांबल्या. आप्पासाहेब आभार मानायला उठले. ते सभ्य गृहस्थ होते, आवाज त्यांनी सांभाळला. चित्रकारांचे आभार मानले, सभागृहवाल्यांचे मानले, आणि शेवटी म्हणाले, "मॉडेल म्हणून बसलेल्या मगदूम बाईंचेही मंडळ आभारी आहे."

मगदूम माझं माहेरचं आडनाव. माझं लग्न मोडलं ते त्या वाक्यात.

मी उतरून चित्रासमोर गेले. त्या जागेवरचे फटकारे बाकीच्या चेहऱ्यापेक्षा जाड होते, घाईनं आणि ठासून मारलेले. गुलाबी, फिकट माती, हिरवट निळा, पुन्हा गुलाबी. सगळे डॉक्टर मला सांगत आले होते की तिथला रंग गेलाय. तिथं एवढे रंग होते. आणि ते होते म्हणूनच उजवा गाल माझा वाटत होता.

"चांगलं झालं," कारंडे सर ब्रश पुसत म्हणाले. ते चित्राबद्दल बोलत होते. आप्पासाहेबांनी एका माणसाकरवी त्यांना निरोप पाठवला, की चित्र सध्या तुमच्याकडंच असू द्या. सरांनी खांदे उडवले आणि नवी लवंग तोंडात टाकली.

विंगेत भरतेश आला. पहिल्या रांगेत राहिलेली माझी पिशवी त्याच्या हातात होती. ती देऊन तो लगेच गेला नाही.

"कधीपासून आहे?"

"कॉलेजपासून."

"आणि आम्हाला कधी सांगणार होता?"

"लग्न झाल्यावर. नंतर उठलं असं सांगायचं ठरलं होतं."

मी नाकारीन असं त्याला वाटलं असावं.

"म्हणजे फसवणारच होता."

"हो."

"मग आजच का? सगळ्यांसमोर?" त्याचा आवाज पहिल्यांदा फाटला. "मला एकट्याला सांगितलं असतं तर..."

"तर काय केलं असतं?"

त्यानं खरोखर विचार केला. मला ते दिसलं. "माहीत नाही," तो म्हणाला. "खरंच माहीत नाही. पण निदान मला काहीतरी करता आलं असतं. आता माझ्या हातात काही ठेवलंच नाही तुम्ही. आता आई-आप्पा काय करायचं ते करतील."

त्याचं बरोबर होतं. आजही मला वाटतं की बरोबर होतं. मी त्याला तसं सांगितलं आणि त्यानं मान हलवली. मग तो गेला. त्याच आठवड्यात मध्यस्थ येऊन आम्ही दिलेलं सामान परत देऊन गेले आणि आमच्याकडचं घेऊन गेले.

मी घरी पोचले तेव्हा आत्ती भाजी चिरत होती. "जेवून घे," एवढंच म्हणाली. सोमवारी सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा ती डबी घेऊन उभी होती. मी नको म्हटलं. तिनं डबी कपाटात ठेवली आणि त्यानंतर कित्येक महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. वर्गात मुली पहिल्या दिवशी एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. आठवड्याभरात त्या कंटाळल्या. शिक्षकांच्या खोलीत माझा पेला वेगळा झाला, तो बराच काळ वेगळाच राहिला. धाकटीचं लग्न जमायला फार वेळ लागला. दोनदा होता होता मोडलं. प्रत्येक वेळी आई रडायची आणि आत्ती माझ्याकडं बघायची. शेवटी जमलं, चांगलं जमलं, पण मधली वर्षं मी कुणाला परत देऊ शकले नाही. माझंही लग्न झालं पुढं, उशिरा. ती वेगळी गोष्ट आहे.

डाग थांबला नाही. गळ्यावर उतरला, कपाळावर गेला, हातांवर आला.

पुष्कळ वर्षांनी कोल्हापूरला कारंडे सरांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. सर तोवर गेले होते, त्यांच्या मुलीनं भरवलं होतं. मी जाणार हे कळल्यावर आत्ती म्हणाली, मलाही ने. तिचं वय झालं होतं, चालताना माझा हात धरायला लागायचा. त्या प्रात्यक्षिकाविषयी ती एवढ्या वर्षांत एक अक्षर बोलली नव्हती.

चित्र दुसऱ्या दालनात होतं. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघालं. चित्रातली मुलगी चोवीस वर्षांची होती आणि तिचा डाग तेवढाच राहिला होता. आत्तीनं माझा हात सोडला. ती पार जवळ गेली, नाक लागेल इतकी, मग मागं आली, पुन्हा जवळ गेली. मागं उभी असलेली माणसं आमच्या बाजूनं निघून गेली.

"इथं चुकलाय तो," ती म्हणाली.

"काय चुकलंय?"

"ओठाजवळ एवढा लाल नव्हता. ओठाजवळ पिवळट होता, दुधावर साय धरते तसा. लाल होता तो कानाखाली. आणि मधे ही खाच आहे ना, तिथं जरा राखी."

"आत्ती, त्यांनी समोर बसवून रंगवलंय."

"त्यानं एक दिवस बघितलंय," आत्ती म्हणाली. "मी रोज बघत होते."

तिनं हात वर केला, आणि मला वाटलं ती चित्राला हात लावणार. तिनं तो माझ्या जबड्याला लावला, तिथं, कानाखाली. बोटं थंड आणि हलकी होती. ती एकदा चित्राकडं बघत होती, एकदा माझ्याकडं.

"त्या दिव्यामुळं झालं असेल," ती म्हणाली. "सकाळच्या उजेडात बघायला पाहिजे होता त्यानं."